नदी व वन स्वच्छता, स्वयंसेवी

नदी व वन स्वच्छता, स्वयंसेवी : नद्या, ओढे, तलाव, खाड्या आणि वनक्षेत्रे यांत बेकायदेशीरपणे टाकलेला कचरा नागरिकांनी स्वेच्छेने, विनामोबदला व संघटितपणे काढण्याचे कार्य. महाराष्ट्रात ‘श्रमदान’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सामूहिक कार्याचा हा एक प्रकार होय. या कार्यात दोन भिन्न क्रिया अंतर्भूत आहेत : पडलेला कचरा उचलणे आणि तो त्या जागी पुन्हा पडू नये अशी व्यवस्था लावणे. पहिली क्रिया डोळ्यांत भरणारी असून ती एका सकाळीही पुरी होऊ शकते. दुसरी संथ, दीर्घकाळ चालणारी व बहुधा अप्रसिद्ध राहणारी असते. अशा मोहिमांचे यशापयश मुख्यतः दुसऱ्या क्रियेवर अवलंबून असल्याचे देशोदेशीच्या अनुभवावरून दिसून येते.

कचऱ्याचे स्वरूप व कारणे : पूर्वीच्या खेड्यात कचऱ्याची जागा ठरलेली असे. शेण, राख, पालापाचोळा, चुलीपुढचे उष्टे-खरकटे हे सारे उकिरड्यावर जाई आणि वर्षभराने खत होऊन शेतात परत येई. हे चक्र चालू राहण्याचे कारण म्हणजे उकिरड्यावर न कुजणारी वस्तू जवळजवळ नसे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्लॅस्टिकच्या पिशव्या, वेष्टने, बाटल्या, रबर, थर्मोकोल इ. वस्तू घरोघरी आल्या, तेव्हा उकिरडा त्या पचवू शकला नाही. शेतकऱ्याला प्लॅस्टिकमिश्रित खत नकोसे झाले व कचरा गावाबाहेरच्या ओढ्याकडे, नाल्याकडे किंवा जंगलाच्या कडेला वळला.

शहरांत याला इतर कारणांची जोड मिळाली. घर पाडल्यावर निघणारा राडारोडा ठरवून दिलेल्या जागी नेण्यास वाहतूकखर्च येतो. तो वाचविण्यासाठी ट्रॉली रात्रीच्या वेळी पुलाजवळ वा घाटरस्त्यावर रिकामी केली जाते. कोंबड्यांची पिसे व आतडी, मंगल कार्यालयांतील पत्रावळी व उरलेले अन्न, दवाखान्यांतील सुया व पट्ट्या, वाहनदुरुस्तीच्या दुकानांतील जळके तेल हा कचराही याच वाटेने जातो. निर्मनुष्य जागा, मालकी अस्पष्ट असणे व जवळ रस्ता असणे या तीन गोष्टी जेथे एकत्र येतात, तेथे कचऱ्याचे ढीग प्रथम दिसू लागतात. एकदा ढीग पडला, की ती जागा कचऱ्याचीच आहे असा समज रूढ होतो आणि इतरही लोक तेथे कचरा टाकू लागतात.

नद्यांच्या बाबतीत धार्मिक आचारांचाही विचार करावा लागतो. निर्माल्य पायदळी येऊ नये म्हणून ते वाहत्या पाण्यात सोडण्याची प्रथा जुनी आहे. तथापि निर्माल्याबरोबर आता प्लॅस्टिकची पिशवीही पाण्यात जाते. गणेशमूर्ती पूर्वी मातीच्या असत व पाण्यात विरघळत. प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती दीर्घकाळ तशाच राहतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्तिविसर्जनाविषयी २०१० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली व २०२० मध्ये ती सुधारली.

परिणाम : प्रवाहात साठलेला कचरा प्रथम पुलांच्या मोऱ्या व नाल्यांची तोंडे बंद करतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस पडला. त्या वेळच्या पुराची तीव्रता वाढण्यास मिठी नदीच्या पात्रातील भराव, अतिक्रमणे व कचरा ही कारणेही जबाबदार होती. कुजणारा कचरा व सांडपाणी यांमुळे पाण्यातील विरघळलेला ऑक्सिजन कमी होऊन मासे मरतात. त्यांतील नायट्रोजन व फॉस्फरस ही द्रव्ये जलपर्णीस खत ठरतात. मूळची दक्षिण अमेरिकेतील ही वनस्पती अनुकूल स्थितीत सु. दोन आठवड्यांत आपला विस्तार दुप्पट करते आणि तिचे बी तळातील गाळात अनेक वर्षे टिकून राहते.

वनांत होणारी हानी निराळी असते. मिठाची किंवा अन्नाची चव लागलेल्या पिशव्या चरणारी जनावरे गिळतात. रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या पोटात त्यांचे गोळे होऊन प्राणी उपाशी मरतो. मांसाच्या कचऱ्यामुळे भटकी कुत्री व त्यांच्या मागोमाग बिबट्या वस्तीजवळ येतो. उन्हाळ्यात शुष्क पानझडी वनाच्या कडेला कोणी कचरा पेटवून दिल्यास तोच वणव्याचे निमित्त होतो. किनाऱ्यावरील कांदळवनांत प्लॅस्टिकचे थर झाडांची श्वसनमुळे झाकून टाकतात.

महाराष्ट्रातील परंपरा : सार्वजनिक स्वच्छतेला स्वेच्छाकार्याची प्रतिष्ठा देण्याचे श्रेय प्रामुख्याने गाडगे महाराजांकडे (१८७६–१९५६) जाते. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात जन्मलेल्या या संताने १९०५ मध्ये घर सोडले आणि पुढील अर्धशतक हातात खराटा व डोक्यावर गाडगे घेऊन गावोगाव भ्रमण केले. दिवसा गाव झाडायचे व रात्री कीर्तन करायचे, असा त्यांचा क्रम असे. कीर्तनात ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत व त्यांच्याच तोंडून अस्वच्छता, कर्ज, व्यसन व पशुबळी यांविरुद्ध उत्तरे काढून घेत. झाडलोट आणि लोकशिक्षण यांची ही सांगड विशेष लक्षात घेण्याजोगी आहे; कारण केवळ झाडलेला रस्ता दुसऱ्या दिवशी पुन्हा घाण होतो, हे त्यांनी ओळखले होते. पूर्णा नदीकाठी ऋणमोचन येथे त्यांनी भाविकांसाठी घाट बांधविला.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज यांनी ग्रामगीता  या ग्रंथात ग्रामशुद्धीचा विचार सविस्तर मांडला. सेनापती बापट यांनी पारनेर येथे रस्ते झाडण्याचे व्रत चालविले. विनोबा भावे यांनी १९४६ पासून काही काळ पवनारजवळच्या सुरगाव येथे नित्यनेमाने जाऊन मैलासफाईचे काम केले. या सर्वांच्या कार्यामागे आणखी एक आशय होता. सफाईचे काम जन्माने ठरलेल्या जातींवर लादण्याची रूढी मोडावी व ते सर्वांनी करण्याजोगे काम आहे हे आचरणाने दाखवावे, हा त्यांचा हेतू होता.

राज्य शासनाने २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. गावाला आधी अनुदान देण्याऐवजी गावकऱ्यांनी स्वतः काम करावे व स्पर्धेत उत्तम ठरलेल्या गावास पारितोषिक द्यावे, हे त्याचे वैशिष्ट्य होते. २ ऑक्टोबर २०१४ रोजी केंद्र शासनाचे स्वच्छ भारत अभियान सुरू झाले. पाणलोटविकासाच्या क्षेत्रात २०१६ ते २०१९ या काळात झालेल्या ‘वॉटर कप’ स्पर्धेमुळे विदर्भ व मराठवाड्यातील पुष्कळ गावांना सामूहिक श्रमदानाची नव्याने सवय झाली.

अन्य देशांतील व राज्यांतील मोहिमा : ऑस्ट्रेलियात ईअन कीरनन या नौकापटूच्या पुढाकाराने १९८९ मध्ये सिडनी बंदराची स्वच्छता सु. ४०,००० स्वयंसेवकांनी केली व पुढील वर्षापासून ती राष्ट्रीय मोहीम झाली. वनांतील अनधिकृत कचऱ्याच्या संदर्भात एस्टोनिया या देशाचा प्रयोग महत्त्वाचा मानला जातो. सु. १३ लाख लोकवस्तीच्या या देशात ३ मे २००८ रोजी सु. ५०,००० लोकांनी जंगलांतून व रस्त्यांच्या कडेने टाकलेला सु. १०,००० टन कचरा काही तासांत गोळा केला. या एका दिवसामागे अनेक महिन्यांची पूर्वतयारी होती : स्वयंसेवकांनी आधी देशभर हिंडून कचऱ्याच्या ढिगांची स्थाने नकाशावर नोंदविली होती आणि गोळा होणारा कचरा कोठे न्यायचा हेही ठरविले होते. याच प्रयोगातून जागतिक स्वच्छता दिनाची कल्पना पुढे आली. २०१८ मध्ये हा दिन प्रथम पाळण्यात आला व २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २० सप्टेंबर ही तारीख त्यासाठी मुक्रर केली.

पंजाबमध्ये संत बलबीरसिंग सीचेवाल यांनी गुरू नानकांच्या स्मृतीशी निगडित असलेल्या काली बेई या सु. १६० किमी. लांबीच्या नदीचे काम २००० मध्ये कारसेवेच्या पद्धतीने हाती घेतले. तेथे जलपर्णी व गाळ काढण्यावरच न थांबता काठच्या गावांचे सांडपाणी तलावांत अडवून, शुद्ध करून शेतीला देण्याची व्यवस्था करण्यात आली. नदीत जाणारी घाण शेतकऱ्याला उपयोगी पडू लागल्यामुळे ती नदीत न सोडण्यात गावांचेही हित निर्माण झाले.

मुंबईत वर्सोवा किनाऱ्याची स्वच्छता ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह या तरुण वकिलाने एका वृद्ध शेजाऱ्यासह सुरू केली. हळूहळू शेकडो लोक दर आठवड्यास येऊ लागले. शाह यांना २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा पुरस्कार मिळाला. मार्च २०१८ मध्ये याच किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाची पिले समुद्राकडे जाताना आढळली. तथापि प्रत्येक भरतीबरोबर नवा कचरा येत असल्याचे पाहून हे कार्य किनाऱ्यापुरते न ठेवता मिठी नदीकडे व तिच्या काठच्या वस्त्यांकडे नेण्यात आले. समुद्राकडून खाडीकडे, खाडीकडून नदीकडे व नदीकडून घराकडे असा हा प्रवास या विषयाचे मर्म स्पष्ट करतो. पुण्यात ‘जीवितनदी’ या संस्थेने मुळा-मुठा नद्यांच्या काठांचे काही भाग नागरिकांनी दत्तक घेण्याची पद्धत रूढ केली. तीत स्वच्छतेबरोबरच नदीकाठच्या फेऱ्या व घरगुती रसायनांचा वापर कमी करण्याचा प्रचार यांवर भर असतो. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने विसर्जित मूर्ती दान देण्याची मोहीम अनेक वर्षे चालविली.

वाशिम जिल्हा व मोर्णा नदी : वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. अजिंठा डोंगररांगांच्या पठारी भागात वसलेला हा जिल्हा दोन मोठ्या खोऱ्यांचा जलविभाजक आहे. येथे उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेस वाहत पूर्णा नदीला मिळते व तिचे पाणी तापीवाटे अरबी समुद्रास जाते. पूस, अरुणावती व अडाण या नद्यांचे पाणी पैनगंगा, वर्धा व पुढे गोदावरी या मार्गाने बंगालच्या उपसागरास मिळते. म्हणजेच या पठारावरील ओढ्यात टाकलेली पिशवी दोहोंपैकी कोणत्याही समुद्राच्या वाटेला लागू शकते. उगमाजवळच्या प्रदेशात स्वच्छतेचे मोल यामुळेच अधिक आहे.

बेसाल्ट खडकाच्या या प्रदेशातील लहान नद्या व ओढे पावसाळ्यानंतर काही महिन्यांत आटतात. कोरडे पात्र ही मोकळी जागा वाटते आणि उन्हाळ्यात त्यात साठलेला कचरा मृगाच्या पहिल्या पुरात एकदम खाली वाहून जातो. पात्र स्वच्छ झाले असे त्या वेळी वाटते. प्रत्यक्षात कचऱ्याने केवळ गाव बदललेले असते. अकोला व वाशिम या जिल्ह्यांत पसरलेले काटेपूर्णा अभयारण्य (स्थापना १९८८) आणि कारंजाजवळचे काळविटांसाठी प्रसिद्ध असलेले सोहोळ अभयारण्य हीदेखील वस्ती व शेती यांना लागून आहेत. कपाशी, सोयाबीन व तूर यांच्या शेतांतून निघणाऱ्या कीटकनाशकांच्या रिकाम्या बाटल्या हा येथील कचऱ्याचा विशेष धोकादायक भाग होय. कीटकनाशक नियम, १९७१ नुसार अशी वेष्टने पुन्हा वापरता येऊ नयेत अशा रीतीने नष्ट करणे आवश्यक ठरविले आहे. बांधावर वा ओढ्यात ती टाकण्यास मुभा नाही.

वाशिम शहर, म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले वत्सगुल्म, हे जुन्या तीर्थांसाठी प्रसिद्ध आहे. स्थानिक माहात्म्यात येथील १०८ तीर्थांचा उल्लेख येतो. पद्मतीर्थ व देवतलाव, तसेच कारंजा येथील ऋषितलाव ही जलाशये एके काळी गावाच्या नित्य वापरातील होती. घरोघरी नळ आल्यावर अशा जलाशयांशी लोकांचा रोजचा संबंध तुटतो. ज्या पाण्याचा घोट घ्यायचा, त्यात कोणी केर टाकीत नाही; ज्याची गरज संपली ते पाणी मात्र निर्माल्य व सांडपाण्याची जागा होते. कोणत्याही तलावाच्या स्वच्छतेत हा तुटलेला संबंध पुन्हा जोडणे हे गाळ काढण्याइतकेच आवश्यक ठरते.

या परिसरातील सर्वांत मोठी ज्ञात मोहीम शेजारच्या अकोला शहरात मोर्णा नदीवर झाली. मोर्णा ही पूर्णेची उपनदी असून शहरातील तिचे पात्र सांडपाणी, कचरा व जलपर्णी यांनी भरले होते. तत्कालीन जिल्हाधिकारी आस्तिककुमार पांडेय यांच्या पुढाकाराने १३ जानेवारी २०१८ रोजी ‘स्वच्छ मोर्णा’ मोहिमेस प्रारंभ झाला. पहिल्या टप्प्यात सु. चार किमी. अंतरात दोन्ही काठांवरील १४ ठिकाणी काम झाले. सहा हजारांहून अधिक नागरिक आणि शंभरांहून अधिक संस्था व महाविद्यालये यांनी त्यात भाग घेतला. दर शनिवारी सकाळी हे काम चालू ठेवण्याचे ठरले व प्रधानमंत्र्यांनी त्याच महिन्यातील आपल्या आकाशवाणी भाषणात त्याचा उल्लेख केला. एका शहराने आपल्या विस्मृत नदीकडे पुन्हा पाहिले, हे या मोहिमेचे निर्विवाद यश होय. मात्र शहराचे सांडपाणी पात्रात येत राहिल्याने पुढील वर्षांत जलपर्णी पुन्हा वाढली. हजारो हातांनी उपसलेली वनस्पती नाल्याच्या एका तोंडाने परत येऊ शकते, हा धडा मोर्णेने दिला.

कार्यपद्धती : मोहिमेपूर्वी जागेची पाहणी करून कचऱ्याचा प्रकार, अंदाजे प्रमाण व तो कोठून येतो यांची नोंद करतात. वनक्षेत्रात वनखात्याची व नदीपात्रात संबंधित स्थानिक संस्थेची वा महसूल खात्याची परवानगी घेणे आवश्यक असते. गोळा होणारा कचरा नेण्यासाठी वाहन व तो स्वीकारणारी जागा आधी निश्चित न केल्यास भरलेली पोती काठावरच पडून राहतात आणि पावसात फुटून पुन्हा पात्रात जातात.

कचऱ्याचे वर्गीकरण जागेवरच केल्यास पुनर्वापरयोग्य वस्तू वेगळ्या निघतात. काच, सुया, रसायनांची भांडी व मेलेली जनावरे यांना अननुभवी स्वयंसेवकांनी हात लावू नये. जाड हातमोजे, बूट, प्रथमोपचाराचे साहित्य व धनुर्वाताची लस ही किमान काळजी होय. साचलेल्या पाण्यात लेप्टोस्पायरोसिस या रोगाचा व ढिगाऱ्यात सर्प-विंचवांचा धोका असतो. मुलांना खोल पाण्यापासून दूर ठेवतात. गोळा केलेला कचरा जागेवर जाळणे सर्वथा वर्ज्य मानावे.

काय काढू नये हेही जाणून घेणे तितकेच महत्त्वाचे असते. पालापाचोळा, वाळलेली खोडे, काठावरचे गवत व लव्हाळे हा कचरा नव्हे. जमिनीची धूप त्यांमुळे थांबते व अनेक जीवांना आसरा मिळतो. नदीकाठी वाळूत व दगडगोट्यांत अंडी घालणाऱ्या पक्ष्यांच्या विणीच्या काळात तेथे गर्दी करणे अयोग्य होय. स्वच्छतेच्या नावाखाली यंत्राने पात्र सपाट करणे वा काठ सिमेंटने बांधणे ही नदीची सुधारणा नसून दुसऱ्या प्रकारची हानी ठरते.

कचऱ्यातील वस्तूंची मोजदाद हे स्वयंसेवकांचे सर्वांत दुर्लक्षित, पण उपयुक्त काम होय. कोणत्या प्रकारच्या पिशव्या किती, राडारोडा किती, निर्माल्य किती, हे दरवेळी लिहून ठेवल्यास कचऱ्याचा उगम कळतो आणि स्थानिक संस्थेपुढे तक्रारीऐवजी पुरावा ठेवता येतो.

कायदेशीर बाजू : भारतीय दंड संहितेतील (१८६०) कलम २७७ नुसार सार्वजनिक झऱ्याचे वा जलाशयाचे पाणी दूषित करणे हा गुन्हा होता, वाहती नदी मात्र या शब्दांत बसत नाही, असा अर्थ एकोणिसाव्या शतकातच न्यायालयीन निर्णयांत लावला गेला. १ जुलै २०२४ पासून या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. नद्यांना स्पष्ट संरक्षण मिळाले ते जलप्रदूषणविषयक कायद्यांनी. महाराष्ट्राने १९६९ मध्ये स्वतःचा कायदा केला व त्यानुसार १९७० मध्ये राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. केंद्रीय कायदा १९७४ मध्ये आला. रस्ते, मोकळ्या जागा, नाले व जलाशय यांत घनकचरा टाकणे, जाळणे वा पुरणे यांस २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी मनाई केली. वनक्षेत्रास भारतीय वन अधिनियम, १९२७ व अभयारण्यांस वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू होतो. राज्याने २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिकच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली.

अडचण कायद्याच्या अभावाची नसून अंमलबजावणीची आहे. नदीपात्राची जमीन एका खात्याची, पाणी दुसऱ्याचे, काठावरची वस्ती नगरपरिषदेची व पलीकडचा डोंगर वनखात्याचा, अशी वाटणी असल्याने तक्रार एका कचेरीतून दुसरीत फिरते. स्वयंसेवकांना दंड करण्याचा अधिकार नसतो. नोंदी ठेवणे, साक्ष देणे व पाठपुरावा करणे एवढेच त्यांच्या हाती असते.

मर्यादा व मूल्यमापन : या कार्यावर काही आक्षेप घेतले जातात. स्थानिक संस्थेचे कर्तव्य नागरिकांनी पार पाडल्यास ती संस्था निष्काळजी होते, हा पहिला आक्षेप होय. कचरा टाकणारा सुटतो व उचलणारा निराळाच असतो, हा दुसरा. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : एका दिवसाच्या झाडलोटीचे कौतुक होते, परंतु वर्षभर तेच काम करणारे सफाई कामगार व कचरावेचक उपेक्षित राहतात. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ व २०१३ मध्ये कायदे करावे लागले, यावरून या उपेक्षेची खोली ध्यानात येते. ज्या मोहिमांनी कचरावेचकांना बरोबर घेतले, त्यांच्या ज्ञानाचा उपयोग केला व त्यांना योग्य मोबदला मिळवून दिला, त्यांचे काम अधिक टिकाऊ झाले आहे.

या आक्षेपांत तथ्य असले, तरी स्वयंसेवी कार्याचे महत्त्व कमी होत नाही. स्वतःच्या हाताने पात्रातील चिखलात रुतलेली पिशवी ओढून काढणाऱ्या माणसाची त्या पात्राकडे पाहण्याची दृष्टी बदलते आणि पुढे सांडपाण्याच्या प्रश्नावर ग्रामसभेत वा नगरपरिषदेत तोच प्रश्न विचारू लागतो. गोळा झालेल्या कचऱ्याचे वजन हे मोहिमेच्या यशाचे माप मानण्याची पद्धत आहे; वस्तुतः त्याच जागी दरवर्षी कमी कचरा सापडणे हे खरे माप होय. ज्या वर्षी स्वयंसेवकांना उचलण्याजोगे काही उरणार नाही, त्या वर्षी त्यांचे कार्य सिद्धीस गेले असे म्हणता येईल.